पत्र्याच्या कूलरला दहापैकी किती?

आपल्याकडे वस्तूचं परीक्षण खोका उघडला त्याच दिवशी होतं. यूट्यूबवर कुणीतरी कटरने टेप कापतं, थर्माकोल बाजूला सारतं, वस्तू उजेडात धरून फिरवतं आणि पंधराव्या मिनिटाला दहापैकी साडेआठ गुण देऊन मोकळं होतं. त्या वस्तूने तोवर एकही उन्हाळा पाहिलेला नसतो. तिच्यात धूळ गेलेली नसते, व्होल्टेजचे झटके तिने खाल्लेले नसतात, तिचा एखादा भाग शोधत कुणी बाजार पालथा घातलेला नसतो. मांडवातच संसाराला गुण द्यावेत, तसा हा प्रकार.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात सटवाई फार प्रामाणिक आहे. 'सपोर्ट अमुक तारखेला संपेल' हे ती वस्तूच्या कपाळावर जन्मालाच लिहून ठेवते. त्यामुळे ज्या वस्तूंच्या कपाळावर अशी तारीख नाही, त्यांचं मला कुतूहल वाटतं. म्हणून हे उलट्या टोकाकडून केलेलं परीक्षण. जिने तीसेक उन्हाळे काढले आहेत आणि जी अजून चालते, अशी वस्तू घ्यायची, आणि ती का चालते व तिच्या चालण्याची किंमत कोण देतं, हे तपासायचं. वस्तू आमच्या भागातली आहे : चंद्रपूरचा पत्र्याचा कूलर.

आधी ओळख

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45-46च्या घरात जातो, तेव्हा पंखा फक्त गरम हवा अंगावर फेकतो. त्यावरचा आमचा उपाय म्हणजे पत्र्याचा एक चौकोनी डबा. तीन बाजूंना जाळीच्या खिडक्या, त्यात वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक तुसांच्या ताट्या. खाली पाण्याची टाकी, टाकीत छोटा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपत खाली येतं. समोरचा पंखा बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांमधून ओढून खोलीत टाकतो. संपलं. यापलीकडे यंत्रात काही नाही.

यामागचं विज्ञान मातीच्या माठाचंच. एक लिटर पाणी पूर्ण उडून गेलं, की सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता सोबत नेतं. विजेच्या हिशेबात ती जवळजवळ दोन तृतीयांश युनिट होते, आणि त्यासाठी मीटर फिरत नाही. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त 23-24 अंशांपर्यंत गार करता येते. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर कूलरमधून प्रत्यक्षात तिशीच्या आसपासची हवा मिळते. पंखा आणि पंप मिळून साधारण दोनशे वॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्रजांच्या काळात खसच्या टट्ट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी मारत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी 'थर्मँटिडोट' नावाचं यंत्र काढलं. पेटीत पंखा, बाजूंना ओल्या टट्ट्या, आणि पंखा फिरवायला एक हिंदुस्थानी माणूस. आपल्या कूलरमध्ये त्या माणसाच्या जागी मोटर आली, एवढाच मोठा बदल. बाकी रचना तीच आहे.

उघडता येणं

आमच्या घरचा कूलर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. पण 'मोठा' म्हणजे नेमकं काय? ताट्या दर वर्षी नव्या येतात. पंप दोन-तीन वर्षांनी बदलतो. मोटर दोनदा रिवाइंड झाली. टाकीचा तळ गंजून गेला तेव्हा नवा पत्रा ठोकून घेतला, त्याला आतून डांबर फासलं. स्टँड वेल्डिंगवाल्याने एकदा पायांसकट नवं केलं. मूळचं असं फारच थोडं उरलं आहे. जुन्या लुगड्याची गोधडी असते, तिला दर काही वर्षांनी नवं ठिगळ लागतं, आणि तरी घरात तिला 'आजीची गोधडी' असंच म्हणतात, तसं हे आहे.

यातून पहिली गोष्ट कळते. कूलर मजबूत आहे म्हणून तीस वर्षं चाललेला नाही. पत्रा तर चंद्रपूरच्या पाण्याने दोन-चार वर्षांतच गंजायला लागतो. कूलर चालला, कारण त्यातला प्रत्येक भाग वेगळा काढता येतो आणि त्या भागाच्या मापावर कुणाचीच मालकी नाही. पंख्याची पाती इंचांत मिळतात : बारा, पंधरा, अठरा. पंप कुठल्याही दुकानातला चालतो. ताट्या फुटांच्या मापाने मिळतात. कूलर तयार करणाऱ्याचं दुकान कधीच बंद पडलेलं असलं, तरी कूलरला त्याची खबर नसते.

मोटरचं उदाहरण बघा. उन्हाळा लागला की गिऱ्हाईक मेकॅनिककडे येऊन एकच वाक्य म्हणतं, "मोटर घूं घूं करून राह्यली, पण फिरून नाही राह्यली." मेकॅनिक मोटर बघतही नाही. कंडेन्सर गेला. तो शंभराच्या आतबाहेरच्या किमतीत येतो, दोन वायरी जोडल्या की काम झालं. मोटर खरंच जळली असेल, तर जळकी तार काढून तिचे वेढे मोजायचे, तारेचं गेज बघायचं, खाचांमध्ये नवा कागद घालून तेवढेच वेढे पुन्हा भरायचे, वार्निश ओतायचं, वाळवायचं. जुन्या रिवाइंडिंगवाल्याकडे एक कळकट वही असते. कुठल्या मोटरला किती खाचा, किती वेढे, कोणती तार, हे त्यात लिहिलेलं असतं. ज्याला आम्ही डॉक्युमेंटेशन म्हणतो ते हेच. फरक एवढाच, की ते कंपनीने दिलेलं नाही. जळालेल्या मोटरी उघडून उघडून त्याने ते स्वतः तयार केलं आहे.

म्हणजे तीस वर्षांतला मोठा हिस्सा पत्र्याच्या डब्याच्या बाहेर आहे. हार्डवेअरच्या दुकानात, वेल्डिंगच्या शेडमध्ये, त्या वहीत. अंतराचा हिशेब लावला की याचं महत्त्व पटतं. चंद्रपूरहून नागपूर सुमारे 150 किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड जिल्ह्याच्या ठिकाणापासूनच दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. तिथे 'जवळच्या अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा' या वाक्याचा अर्थ काय होतो? तिथे वस्तूचं आयुष्य वॉरंटी कार्ड ठरवत नाही. आठवडी बाजारात पथारी मांडून बसलेल्या माणसाला ती उघडता येते की नाही, यावर ते ठरतं.

जोड टिकली तर वस्तू टिकते

दुरुस्ती हा अर्धाच भाग झाला. काही वस्तू ठणठणीत असूनही मरतात.

1960च्या दशकातला रेडिओ चालू अवस्थेत असेल, तर त्यावर आजही मीडियम वेव्हचं आकाशवाणी केंद्र लागतं. दरम्यान रेडिओचे व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, ट्रान्झिस्टर जाऊन चिप आल्या. पण हवेतून येणाऱ्या लहरींची बोली बदलली नाही. त्याच घरातला अँटेनावाला टीव्ही मात्र मुका झाला. दूरदर्शनने जमिनीवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि 2022 पर्यंत मोजके सोडून जवळजवळ सगळे थांबले. टीव्हीत बिघाड नव्हता. त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. त्यातलेही काही टीव्ही जगले, कारण त्यांच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची भोकं होती आणि सेटटॉप बॉक्सला ती वायर होती.

शिलाई मशीनचंही असंच आहे. पायाने चालवायच्या पन्नास-साठ वर्षं जुन्या घरगुती मशीनला आज दुकानातून आणलेल्या पाकिटातली सुई बसते. दाबून फिरवायच्या बल्ब होल्डरमध्ये आधी तारेचा बल्ब बसला, मग सीएफएल, आता एलईडी. होल्डर तोच. आमच्या भाषेत यांना इंटरफेस म्हणतात. दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात, ती जागा. ती जागा सार्वजनिक आणि स्थिर असली, की तिच्या दोन्ही बाजूंनी कितीही बदल होऊ शकतात.

याच्या उलट पुण्यातल्या माझ्या खोलीतला 'स्मार्ट' स्विच. दिवा लावायचा तर त्याला आधी इंटरनेटवरून कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला विचारावं लागायचं. एके दिवशी ती सेवा बंद झाली. स्विचमधला रिले शाबूत होता, वायरी शाबूत होत्या, तरी तो प्लास्टिकचा तुकडा होऊन बसला. वस्तू माझी होती, पण तिच्या जोडाची मालकी दुसऱ्याकडे होती. पत्र्याच्या कूलरला चालू व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याची जोड दोनच गोष्टींशी आहे : 230 व्होल्टची वीज आणि बादलीभर पाणी.

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांसाठी

इथे बऱ्याच वाचकांना बरं वाटू लागलं असेल. जुन्या वस्तू किती छान, आताच्या किती तकलादू. पण परीक्षण करायचं तर ही समजूतही उघडून बघायला हवी.

पहिलं म्हणजे, जुन्या वस्तूंमधल्या टिकलेल्याच आपल्याला दिसतात. ज्या तिसऱ्या वर्षी मोडल्या त्या केव्हाच भंगारवाल्याच्या गाडीवरून गेल्या, त्यांची आठवण कुणी काढत नाही. माळ्यावर उरलेला एक मिक्सर दाखवून 'त्या काळात वस्तू अशा बनायच्या' म्हणणं हे नव्वदीतल्या एका आजोबांकडे बोट दाखवून त्या पिढीचं आयुर्मान सांगण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण बल्बचं. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब 1901 पासून जळतो आहे. त्याच्या शेजारी नेहमी दुसरी गोष्ट सांगितली जाते : 1924 मध्ये बड्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाची युती केली आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर बांधून टाकलं. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या जोडून सांगताना एक तपशील गळतो. लिव्हरमोरचा तो बल्ब आज जेमतेम चार वॅटवर मिणमिणतो. तारेच्या बल्बमध्ये तार कमी तापवली तर ती खूप टिकते, पण उजेड फारच कमी देते आणि खर्ची पडलेल्या विजेच्या मानाने तोट्यात जाते. फीबसवाले लबाड होतेच, ठरलेल्या तासांपेक्षा जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्याला ते दंड करत. तरीही शंभर वर्षं टिकणाऱ्या बल्बखाली बसून पुस्तक वाचता येत नाही, हेही खरं. किती वर्षं टिकलं हा प्रश्न एकटा विचारून भागत नाही. तेवढी वर्षं त्याने काय दिलं आणि काय घेतलं, हे सोबत विचारावं लागतं.

आता हा प्रश्न कूलरला विचारू.

कूलर काय घेतो? सर्वांत आधी, जीव. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याची बातमी असते. कारण गूढ नाही. पत्र्याचा डबा, आत पाणी, आत वीज. पंपाच्या किंवा मोटरच्या आवरणाला तडा गेला की सगळा डबा विजेचा होतो. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी कुणी टाकीत पाणी भरायला जातं. अर्थिंगची तिसरी वायर कुठेतरी तोडलेली असते, प्लग दोन पिनांचा असतो. महावितरण दर वर्षी सूचना काढतं : पाणी भरण्याआधी प्लग काढा, अर्थिंग करून घ्या. गळती होताच काही मिलिसेकंदांत वीज तोडणारा ब्रेकर बाजारात मिळतो, पण कूलर विकताना तो कुणी जोडून देत नाही. ज्या मोकळेपणामुळे कुणीही कूलर दुरुस्त करू शकतं, त्याच मोकळेपणामुळे कुणीही तो धोकादायक करून ठेवू शकतं. हा दोष दुरुस्तीच्या कौतुकाखाली झाकता येणार नाही.

मग श्रम. टाकी दर संध्याकाळी भरावी लागते. बहुतेक घरांत बादल्या वाहणारी व्यक्ती आणि कूलरच्या झोतात बाज टाकणारी व्यक्ती एक नसते. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी लागते, नाहीतर त्यात डेंग्यूचा डास वाढतो. तेही काम तिच्याकडेच. शिवाय जूनमध्ये पहिला पाऊस झाला की यंत्र निरुपयोगी. 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडवून दोन-तीन अंशच कमी होतात, खोली मात्र चिकट होते.

पंखा आणि राख

सर्वांत अवघड हिशेब छताच्या पंख्याचा आहे, आणि तो चंद्रपूरच्या माणसाने तरी टाळू नये.

जुना छताचा पंखा सत्तर-ऐंशी वॅट ओढतो. वीस-तीस वर्षं कुरकुर न करता फिरतो, कंडेन्सर आणि बेअरिंग बदललं की पुन्हा फिरतो. त्याची जितकी स्तुती करावी तितकी थोडी. नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. फरक धरा 45 वॅटचा. दिवसाला पंधरा तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला दोनशे युनिट. औष्णिक केंद्रात एका युनिटला पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो, म्हणजे एका जुन्या पंख्यामागे वर्षाला सव्वाशे-दीडशे किलो जास्तीचा कोळसा. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते.

ही राख कुठे पडते? राज्याच्या इतर भागांत हा प्रश्न पुस्तकी असेल. चंद्रपूरमध्ये 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र शहराला लागून उभं आहे, कोळसा आसपासच्याच खाणींमधून येतो, आणि 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचं नाव घातलं होतं. त्या केंद्रातले दोन 210 मेगावॅटचे संचही 1980च्या दशकातले. दर काही वर्षांनी उघडायचे, भाग बदलायचे, पुन्हा चालू करायचे. दशकानुदशकं चालणारं जुनं यंत्र म्हणून त्यांचं कौतुक करायला इथलं कुणी पुढे येणार नाही. पुण्यातल्या छतावर फिरणारा आजोबांचा पंखा जी काटकसर मिरवतो, तिची राख चंद्रपूरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

मग सगळ्यांनी उद्याच पंखे बदलावेत का? इथे दुसरी बाजू येते. बीएलडीसी पंख्याच्या पोटात एक सर्किट बोर्ड असतो. गडचिरोलीच्या गावांत वीज येते-जाते, व्होल्टेज उड्या मारतं, पावसाळ्याच्या तोंडावर विजा कोसळतात. बोर्ड उडाला तर रिवाइंडिंगवाल्याची वही तिथे काही कामाची नाही. प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा, त्याचा नकाशा कुठे छापलेला नाही, आणि वॉरंटी संपल्यावर त्याच मॉडेलचा बोर्ड मिळेलच असं नाही. म्हणजे वीज वाचवणारी वस्तू उघडता येत नाही, आणि उघडता येणारी वस्तू वीज खाते. या दोघांत निवड करायला लावणं हीच खरी फसवणूक आहे, कारण या दोन गुणांचं आपसात काहीच वैर नाही. सर्व पंख्यांना चालेल अशा मापाचा, चार स्क्रूंनी निघणारा बोर्ड बनवणं ही अभियांत्रिकीची अडचण नाही. तसं करायला कुणी भाग पाडलेलं नाही, एवढंच.

गुण

फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांवर. माहिती उपलब्ध आहे का, उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत किती, अशा निकषांवर ते ठरतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिने निवडलेली क्षेत्रं.

या निकषांवर पत्र्याचा कूलर पैकीच्या पैकी मारतो. एक पेचकस, एक पक्कड, आणि भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. पण फ्रान्सच्या यादीत दोन रकाने नाहीत, ते मी घालीन. पहिला : दुरुस्त केल्यावर वस्तू सुरक्षित राहते का? इथे कूलर नापास. दुसरा : वस्तू जिथे वापरली जाते, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ती उघडू शकणारा माणूस आहे का? इथे आज कूलर पहिला येतो. उद्याचं वेगळं. आमच्या गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा त्या टेबलाशी बसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. चार महिन्यांच्या उन्हाळ्यावर वर्षाचं घर चालत नाही. ती वही बंद झाली की कूलरचेही गुण उतरतील, पत्रा कितीही जाड असो.

माझ्याकडून दहापैकी सहा. तीन पिनांचा प्लग, गळती पकडणारा ब्रेकर आणि तीस-चाळीस वॅटची मोटर, जिचा बोर्ड चंद्रपुरात बदलून मिळतो, एवढं आलं की मी नऊ देईन. उरलेला एक पाणी भरणाऱ्या हातांना विचारून.

तोवर तुम्ही पुढचा पंखा, मिक्सर किंवा कूलर घ्याल, तेव्हा दुकानात स्टार रेटिंग जरूर बघा. मग दुकानदाराला विचारा : यातला कोणता भाग सर्वांत आधी जातो, तो सुटा मिळतो का, आणि तो बदलणारा माणूस या गावात कोण आहे? तो त्या माणसाचं नाव सांगू शकला, तर वस्तू घ्या. आणि नाव लिहून ठेवा.